वर्डकडून रायटरकडे: कार्यालयांच्या स्थलांतराचा आढावा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींना नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या देणे एकाच दिवशी थांबवले. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण एकदाच पैसे मोजून ऑफिस विकत घ्यायचे आणि यंत्र चालेल तोवर तेच वापरायचे, अशा हिशेबाने चालणाऱ्या संस्थांना पुन्हा खर्चाचा कागद हाती घ्यावा लागला. नवी प्रत घ्यायची, दरसाल वर्गणी भरायची, की लिब्रेऑफिससारख्या ओपन सोर्स संचाकडे वळायचे?

आपल्याकडे चौथा मार्गही सर्रास चालतो. संगणक विकणारा दुकानदारच त्यात ‘सगळे टाकून’ देतो. पतसंस्था, शाळा, वाचनालये, गृहनिर्माण संस्था यांच्यापैकी अनेकांना आपण वापरतो त्या वर्ड-एक्सेलचा परवाना आहे की नाही हे ठाऊकही नसते. ठाऊक असूनही जे वापरतात त्यांच्यासाठी कॉपीराइट कायद्यात ६३ब हे कलम आहे. त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते, पण सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने या सवलतीच्या आधाराने दिवस ढकलणे मला मान्य नाही.

ओपन सोर्सकडे जाणे शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस वर्षांत अनेक देशांत मिळाले आहे. शेकडो संस्था गेल्या, काही जाऊन परत आल्या. दोन्हींच्या हकिकती शेजारी ठेवून वाचल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. टिकले ते आधी आपले कागद, नमुने आणि माणसे तयार करून निघाले होते. फसले त्यांनी नवे सॉफ्टवेअर टाकले आणि जुने सगळे होते तसेच राहू दिले.

या सॉफ्टवेअरचा इतिहास थोडक्यात सांगावा लागेल, कारण नावांचा गोंधळ अजून मिटलेला नाही. जर्मनीतल्या मार्को ब्योरिस याने शाळकरी वयात, १९८५ मध्ये, स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि २००० मध्ये त्याचा मूळ कोड खुला केला. तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली, तेव्हा बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी त्याच वर्षी २८ सप्टेंबरला द डॉक्युमेंट फाउंडेशन व लिब्रेऑफिसची घोषणा केली. ओपनऑफिसचे नाव अपाची फाउंडेशनकडे गेले. तिथे त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ४.१, २०१४ मध्ये निघाली आणि पुढे फक्त किरकोळ दुरुस्त्या झाल्या. तरीही जुन्या ओळखीमुळे आजही अनेक जण ओपनऑफिसच उतरवून घेतात आणि ‘हे फार मागासलेले आहे’ असा शेरा मारून मोकळे होतात. संस्थेने पाहायचे ते लिब्रेऑफिस. त्याची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते.

दुसरा जुना वाद फाइलींच्या स्वरूपाचा. लिब्रेऑफिसचे स्वतःचे ओडीएफ हे स्वरूप २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. मायक्रोसॉफ्टचे ओओएक्सएमएल, म्हणजे आपण रोज पाहतो ते डॉक्स आणि एक्सएलएसएक्स, २००८ मध्ये मोठ्या वादानंतर मानक म्हणून मंजूर झाले. त्या वेळी भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिले होते. या मानकाच्या दोन तऱ्हा आहेत. एक काटेकोर, आणि दुसरी जुन्या वर्डच्या खोडी सांभाळून घेणारी. आपण फाइल जतन करतो तेव्हा वर्ड सहसा दुसरीच तऱ्हा वापरते. डॉक्स फाइल दुसरीकडे उघडल्यावर थोडी हलते, त्यातली बरीच कारणे इथे सापडतात.

आता म्युनिक. या विषयावर बोलताना दोन्ही बाजूंचे लोक म्युनिकचेच उदाहरण देतात, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे. २००३ मध्ये विंडोज एनटीचा आधार संपत आला होता आणि महापालिकेच्या सुमारे १४ हजार संगणकांचे काय करायचे हा प्रश्न होता. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला गेले आणि त्यांनी सवलती देऊ केल्या. तरीही त्या वर्षी मे महिन्यात नगरपरिषदेने लिनक्स आणि ओपनऑफिसच्या बाजूने कौल दिला. प्रकल्पाचे नाव लिमुक्स. पहिला संगणक बदलायला २००६ साल उजाडले.

मधल्या तीन वर्षांत काय झाले ते समजून घेण्यासारखे आहे. पालिकेत संगणक सांभाळणारे एक खाते नव्हते, प्रत्येक विभागाचे वेगळे होते. प्रत्येकाचे पत्रांचे नमुने वेगळे, अर्ज वेगळे, कुणी तरी कधी तरी लिहून ठेवलेले मॅक्रो वेगळे. हे हजारो नमुने कुणीच कधी मोजले नव्हते. ते एकत्र आणून, त्यातले बरेच निरुपयोगी ठरवून, उरलेल्यांसाठी पालिकेने वोलमुक्स नावाचे स्वतःचे साधन लिहून घेतले. पत्राचा मथळा, खात्याचा पत्ता, सही करणाऱ्याचे नाव हे सगळे ते साधन आपोआप भरत असे. पुढे ते साधनही सर्वांसाठी खुले केले गेले. २०१३ मध्ये प्रकल्प पुरा झाला तेव्हा १४ हजारांहून जास्त संगणक बदलले होते आणि पालिकेच्या हिशेबाने एक कोटी युरोंहून अधिक बचत झाली होती.

२०१४ मध्ये महापौर बदलले. नव्या कारभाऱ्यांना ही व्यवस्था पसंत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी पुढे आल्या, अॅक्सेंचर या सल्लागार कंपनीचा अहवाल मागवला गेला. त्या अहवालातही अडचणींचे मोठे मूळ संगणक विभागाच्या विस्कळीत रचनेत दाखवले होते. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मन मुख्यालय म्युनिक शहरात आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतायचे ठरवले. मुख्यालय आणि ठराव यांचा संबंध जोडणारे पुष्कळ आहेत. पुरावा नसताना तो जोडण्याची मला गरज वाटत नाही, कारण धडा त्याशिवायही पुरेसा स्पष्ट आहे. दहा वर्षे चाललेले काम एका राजकीय माणसाच्या पाठिंब्यावर उभे होते. तो गेल्यावर त्याची बाजू मांडायला कुणी उरले नाही. २०२० मध्ये सत्तेची जुळणी बदलली आणि नव्या आघाडीने पुन्हा ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे जाहीर केले.

जर्मनीतल्याच फ्रायबुर्ग शहराची हकिकत छोटी आणि जास्त बोलकी आहे. २००७ मध्ये ओपनऑफिसचा निर्णय झाला, पण जुने मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० काढलेच नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिले. लोक सोपे वाटेल ते उघडत, एकाच फाइलीवर आज याने आणि उद्या त्याने काम होई आणि रचना दर खेपेला बिघडत जाई. २०१२ मध्ये शहर परत फिरले.

फ्रान्सच्या जाँदार्मरीने, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलीस दलाने, पायऱ्या वेगळ्या घेतल्या. २००५ च्या सुमारास त्यांनी विंडोज तशीच ठेवली आणि फक्त ऑफिस, ब्राउझर व मेल ही तीन साधने बदलली. ती हाताखालची झाल्यावर २००८ पासून उबंटू या लिनक्सवर बेतलेली स्वतःची प्रणाली आणली. तोवर शिपायाला रोज दिसणाऱ्या खिडक्या त्याच असल्यामुळे खालचे यंत्र बदलले तरी त्याचे काम अडले नाही. आज त्या दलाचे जवळजवळ सगळे संगणक असे चालतात. ऑफिस आधी, प्रणाली नंतर, हा क्रम मला या सबंध आढाव्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. आपल्याकडे बरोबर उलटे होते. एखादा उत्साही अधिकारी एका शनिवारी लिनक्स टाकतो, सोमवारी लिपिकाला ना स्टार्टचे बटण सापडत ना छपाई यंत्र चालत, आणि खापर लिब्रेऑफिसवर फुटते.

इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये दीड लाख संगणकांसाठी लिब्रेऑफिस निवडले. ऑस्ट्रियाच्या सैन्याने २०२५ पर्यंत १६ हजार संगणक बदलले आणि हवे असलेले फेरबदल पैसे देऊन मूळ लिब्रेऑफिसमध्ये करून घेतले, म्हणजे त्यांचा लाभ सगळ्या जगाला झाला. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयानेही २०२५ मध्ये तीच दिशा धरली. सध्या सर्वांचे लक्ष आहे ते जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याकडे. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने सुमारे ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचे ठरवले आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतून बाहेर काढल्या. त्यांनीही जाँदार्मरीचाच क्रम ठेवला आहे, प्रणाली शेवटी.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने एक गोष्ट उघड सांगितली, की हे पैशासाठी केलेले नाही. मला ती महत्त्वाची वाटते. बचतीचे आकडे बहुधा परवान्याच्या छापील किमतीवर काढलेले असतात आणि प्रशिक्षण, फाइलींचे रूपांतर, देखभाल यांचा खर्च त्यात धूसर राहतो. पहिल्या वर्षी तर खर्च वाढतोही. खरा लाभ ताब्याचा आहे, आणि ताबा म्हणजे काय हे जुलै २०२५ मध्ये भारतालाही कळले. युरोपीय संघाने गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने त्या कंपनीच्या मेल व इतर सेवा अचानक थांबवल्या. पैसे भरलेले होते, करार चालू होता, भारताच्या कायद्याने काही गैर झालेले नव्हते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. संगणकावर बसवलेले ऑफिस असे दुरून बंद पडले नसते हे खरे, पण आता विकले जाते ते मुख्यतः वर्गणीचे आणि क्लाउडवरचे ऑफिस.

त्या घटनेनंतर आपल्याकडे स्वदेशीचा जोर वाढला. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल झोहोकडे गेली, मंत्र्यांनी झोहो वापरत असल्याचे जाहीर केले. झोहो ही भारतीय कंपनी आहे आणि तिचे कौतुक व्हायला हरकत नाही. मात्र तिचे ऑफिस ओपन सोर्स नाही. मालक देशी असला तरी कुलपाची किल्ली त्याच्याकडेच राहते. भारत सरकारचे २०१५ चे ओपन सोर्स धोरण याहून पुढे गेलेले आहे. निविदा भरणाऱ्याने ओपन सोर्सचा विचार केला पाहिजे, आणि वगळायचे असेल तर कारण दिले पाहिजे, असे ते सांगते. त्याआधी २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरणही आले होते. दोन्ही चांगली आहेत आणि दोन्ही फारशी पाळली जात नाहीत.

पाळली गेली तिथे काय होते याची दोन उदाहरणे देशातच आहेत. केरळच्या सरकारी शाळांत २००१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने पुढे सगळे शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, आणि आज काइट या संस्थेमार्फत दोन लाखांहून अधिक संगणक त्यावर चालतात. तिथे आधी शिक्षकांना शिकवले गेले, मग मुलांना. दुसरे उदाहरण आपल्या तालुक्याच्या गावी आहे. ई-न्यायालय प्रकल्पात जिल्हा आणि तालुका न्यायालयांतले संगणक उबंटूवर आणले गेले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केली. ‘आमच्या लिपिकांना जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या संस्थाचालकाने एकदा शेजारच्या न्यायालयातल्या लघुलेखकाशी बोलून यावे.

महाराष्ट्रातली अडचण सवयीची आहे, आणि ती सवय आपण शिकवून लावली आहे. एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरला आणि त्याने लाखो लोकांना संगणकाची भीती घालवून दिली, हे ऋण मोठे आहे. पण त्यात वर्षानुवर्षे वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटच शिकवले गेले. परिणामी ‘पत्र टाइप करणे’ आणि ‘वर्ड’ हे लोकांच्या डोक्यात एकच झाले.

त्याहून खोल अडचण मराठी मजकुराची. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फाँटांत टंकलेली हजारो कागदपत्रे आपल्या कार्यालयांत पडून आहेत. त्या फाइलींत खरे मराठी अक्षर साठवलेलेच नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले आहेत. तो फाँट नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग येते, शोध चालत नाही, यादी अकारविल्हे लागत नाही. या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडत नाहीत म्हणून तक्रार होते, पण त्या नव्या संगणकावरच्या वर्डमध्येही फाँटाशिवाय वाचता येत नाहीत. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात. सामान्य पत्रे ती बरी उतरवतात, मात्र जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावेच लागतात. ही सफाई कुठलेही सॉफ्टवेअर वापरले तरी करायचीच आहे.

युनिकोडमधल्या फाइलींचेही एक नेहमीचे दृश्य आहे. शाळेचे साधे जावक पत्र घ्या. उजवीकडे जावक क्रमांक व दिनांक, मग प्रति, विषय, संदर्भ, दोन परिच्छेद मजकूर, शेवटी ‘आपला विश्वासू’ आणि खाली ‘प्रत माहितीस्तव सादर’. सगळे मंगल फाँटात, एका पानात नेमके बसवलेले, आणि जागा सोडण्यासाठी स्पेसबार दाबलेला. हेच पत्र लिनक्सवरच्या रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसमधल्या वर्डच्या पर्यायात, उघडले तर मंगल तिथे नसतो. त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. ओळीची उंची बदलते, शब्द वेगळ्या ठिकाणी तुटतात, दिनांक डावीकडे सरकतो आणि ‘आपला विश्वासू’ सहीसकट दुसऱ्या पानावर जातो. मुख्याध्यापक कागद हातात घेऊन म्हणतात, हे चालणार नाही. त्यांचे चुकत नाही, त्यांना एका पानाचे पत्र हवे आहे.

उपाय अवघड नाही. सर्वांना मुक्तपणे वापरता येणारा एक देवनागरी फाँट ठरवावा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, नोटो आहे, रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला लोहित आहे. तो विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर बसवावा. जावक पत्र, नोटीस, सभेचे इतिवृत्त, दाखला असे रोजचे आठ-दहा नमुने रायटरमध्ये नव्याने बांधावेत, स्पेसबारच्या जागी टॅब आणि स्टाइल वापरून. इथे एक खाचखळगा आहे. रायटरच्या स्टाइलमध्ये पाश्चात्त्य लिपी आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट असे दोन वेगळे कप्पे असतात आणि मराठीचा फाँट व आकार दुसऱ्या कप्प्यात ठरतो. पहिल्याच कप्प्यात बदल करून ‘मराठी मोठी होत नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिले आहेत. भाषेच्या सेटिंगमध्ये हा कप्पा आधी चालू करावा लागतो.

लिब्रेऑफिसमध्ये एक्सेलच्या जागी असलेल्या कॅल्कमध्ये मात्र एक सुख आहे. १२,३४,५६७ असे लाख-कोटींचे स्वल्पविराम देणारा नमुना एकदा घातला की तो फाइलीबरोबरच राहतो. एक्सेलमध्ये तो विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर आकड्यांचे तुकडे मिलियनच्या हिशेबाने पडतात. मराठी शुद्धलेखन तपासनीस दोन्हीकडे दुबळाच आहे. आपल्या विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये पेलणे त्याला जड जाते आणि बरोबर शब्दांखालीही लाल रेघ येते. त्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांना विद्यापीठांनी हात द्यायला हवा.

सगळ्यांनी सगळे सोडावे असे मी म्हणणार नाही. हिशेब विभागात वर्षानुवर्षे वाढलेले एक्सेलचे मॅक्रो, अॅक्सेसमधली सभासद नोंद, लेखापरीक्षक मागतो त्याच साच्यातली पत्रके, अशी कामे कॅल्कमध्ये जशीच्या तशी चालत नाहीत. तिथे दोन-चार परवाने रीतसर विकत घेऊन ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र हे अपवाद लिहून ठेवावेत आणि दरवर्षी तपासावेत, नाहीतर फ्रायबुर्ग होते. बाहेर पाठवायचे पत्र पीडीएफमध्ये जावे, कार्यालयातले काम ओडीएफमध्ये राहावे. डॉक्सची देवाणघेवाण फक्त समोरच्याला मजकूर दुरुस्त करायचा असेल तेव्हाच.

काम पूर्वीपेक्षा सोपेही झाले आहे. शिक्षकांचे पगार शालार्थवर, सरकारी कर्मचाऱ्यांचे सेवार्थवर, फाइलींचा प्रवास ई-ऑफिसवर, म्हणजे बराच कारभार ब्राउझरमध्ये गेला. वर्ड-एक्सेलकडे उरलेला वाटा पंधरा वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी लहान आहे. एकाच फाइलीवर अनेकांनी काम करायचे असेल तर कोलाबोरा ऑनलाइन आहे, आणि तिची निर्माती कंपनी मोठ्या संस्थांना पैसे घेऊन देखभालही देते. वाचलेल्या परवान्याच्या रकमेतला मोठा भाग अशा देखभालीवर आणि प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा. फुकट मिळते म्हणून फुकटात चालेल, या समजुतीने अनेक चांगले प्रयत्न बुडवले आहेत.

ज्या संस्थेला सुरुवात करायची आहे तिने संचालक मंडळात ठराव करून घ्यावा, म्हणजे अध्यक्ष बदलला तरी काम मागे पडणार नाही. मग विंडोज न हलवता सगळ्या यंत्रांवर लिब्रेऑफिस बसवावे आणि पहिले तीन महिने फक्त नव्या नमुन्यांची पत्रे त्यात करावीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने रायटर, कॅल्क आणि इम्प्रेसचे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत. ते विनामूल्य आहेत आणि एकेक धडा दहा-पंधरा मिनिटांचा आहे. तुमच्या कार्यालयातल्या लिपिकाला ते पाहण्यासाठी कामाच्या वेळेत रोज अर्धा तास द्या.